दहावीच्या गणितासाठी आकडेमोडीचा सराव: रोज पंचवीस मिनिटे, पण नेमका

तपासलेल्या उत्तरपत्रिकेत सूत्र बरोबर असते, किमती बरोबर भरलेल्या असतात आणि चौथ्या ओळीत वजाचे अधिक झालेले असते. तिथून पुढचे उत्तर हातचे जाते. दहावीला गणित भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे. कॅल्क्युलेटर नेता येत नाही. हिशेब केला तर एका गुणाला तीन मिनिटे येतात आणि प्रश्न वाचणे, आकृती काढणे, मांडणी, गुणाकार-भागाकार हे सगळे त्यातच बसवायचे असते. ज्याचा हात आकड्यांवर बसलेला नाही त्याची ही तीन मिनिटे ३.१४ ला १४४ ने गुणण्यातच जातात.

उदाहरणे सोडवता सोडवता आकडेमोड आपोआप सुधारेल, असे बहुतेकांना वाटते. ती फार हळू सुधारते. महत्त्वमापनाच्या एका उदाहरणात खरा गुणाकार दोनतीनदाच येतो. संध्याकाळभर दहा उदाहरणे सोडवली तरी पंचवीस-तीस वेळाच हात चालतो. तेवढेच गुणाकार सुटे करून घेतले तर पंधरा मिनिटांत होतात, आणि कुठे अडते तेही स्वच्छ दिसते. म्हणून आकडेमोडीला रोजचा वेगळा वेळ द्या. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीच्या दिवसांत खान्देशातल्या कित्येक घरांत मुलांना सलग दोन तास मिळत नाहीत; या सरावाला सलग वेळ लागतही नाही.

आधी चुकांची मोजणी

तुमच्या शेवटच्या तीन तपासलेल्या चाचण्या घ्या. जिथे गुण गेला तिथे समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहा: चिन्ह चुकले तर ‘चि’, पाढा किंवा साधा गुणाकार चुकला तर ‘पा’, अपूर्णांक असेल तर ‘अ’, दशांशचिन्ह सरकले असेल तर ‘द’, वरच्या ओळीतून खाली उतरवताना आकडा बदलला असेल तर ‘उ’, आणि रीतच माहीत नव्हती तर ‘री’. मग प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजा.

‘री’ सोडून जी दोन अक्षरे सर्वांत जास्त आली असतील, त्यांवर पहिले तीन आठवडे घालवा. सगळ्यावर थोडे थोडे काम करू नका. ज्याच्या चुका चिन्हांच्या आहेत त्याने पाढे घोकून काही साधत नाही, आणि ज्याला १७ चा पाढा येत नाही त्याला कंसांचे नियम समजावूनही तो अडखळणारच.

‘उ’ या अक्षराकडे मुले दुर्लक्ष करतात, पण ती खरी चूक आहे. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एककाचा अंक आधी येतो: त्रेपन्न म्हणताना तोंडात तीन पहिला. मनात ‘त्रेपन्न’ म्हणत घाईने लिहिताना ३५ पडतो. खाली उतरवताना संख्या मनात अंकांनी वाचा, ‘पाच-तीन’ अशी. आठवडाभर लक्षपूर्वक केले की सवय लागते.

पाढे उलटे म्हणा

दोन ते वीसपर्यंतचे पाढे सरळ येणे ही पहिली पायरी. दहावीत काम पडते ते उलट्या दिशेने: ११९ कोणत्या पाढ्यात आहे? वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना, करणी सोपी करताना प्रत्येक वेळी गुणाकारापासून अवयवांकडे जायचे असते.

त्यासाठी एका कागदावर या संख्या लिहा: ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १५३, १६१, २०३, २२१, २४७, २९९, ३२३. यांतल्या बहुतेक पाहताक्षणी मूळ संख्या वाटतात, आणि एकही मूळ संख्या नाही. ९१ म्हणजे ७ × १३, ११९ म्हणजे ७ × १७, २२१ म्हणजे १३ × १७, ३२३ म्हणजे १७ × १९. बाकीच्यांचे अवयव स्वतः काढा आणि कागद अभ्यासाच्या जागी चिकटवा. ५१/८५ हा अपूर्णांक उत्तरात तसाच राहतो तो ५१ मध्ये १७ दिसत नाही म्हणून. दिसला की ३/५.

दुसरा सराव जोड्यांचा. एक संख्या घ्या, तिच्या सगळ्या गुणक-जोड्या क्रमाने लिहा आणि प्रत्येक जोडीची बेरीज व फरकही लिहा. १२० च्या जोड्या: १ व १२०, २ व ६०, ३ व ४०, ४ व ३०, ५ व २४, ६ व २०, ८ व १५, १० व १२. फरक अनुक्रमे ११९, ५८, ३७, २६, १९, १४, ७, २. फरक एकसारखा कमी होत जातो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आता ६क्ष² − ७क्ष − २० = ० हे समीकरण घ्या. पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार −१२०, मधला −७. गुणाकार ऋण आहे, म्हणजे फरक ७ असलेली जोडी हवी: ८ व १५. मोठ्याला मधल्या पदाचे चिन्ह द्या, −१५ आणि +८. मग (२क्ष − ५)(३क्ष + ४) = ० आणि मुळे ५/२ व −४/३. जोडी शोधताना १ पासून सुरुवात न करता मधून शोधा. फरक जास्त आला तर आणखी जवळच्या जोडीकडे या, कमी आला तर दूरच्या जोडीकडे जा. २४, ३६, ४८, ६०, ७२, ८४, ९०, ९६, १४४, १८० या संख्यांच्या जोड्या एकदा पूर्ण लिहून झाल्या की अवयव पाडण्याची निम्मी धास्ती जाते.

वर्ग, आणि चाळीसगावजवळची एक जुनी रीत

एक ते तीसपर्यंतचे वर्ग आणि एक ते दहापर्यंतचे घन पाठ हवेत, याला पर्याय नाही. तिसाच्या पुढचे वर्ग मात्र पाठ करू नका, काढा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) वर्ग काढण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांतली एक परीक्षेत आजही सर्वांत जलद आहे: संख्येत सोयीचा आकडा मिळवा, तोच आकडा संख्येतून वजा करा, दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा आणि त्या आकड्याचा वर्ग मिळवा.

९७ चा वर्ग: ३ मिळवून १००, ३ वजा करून ९४, गुणाकार ९४००, अधिक ९, उत्तर ९४०९. ४८ चा वर्ग: ५० × ४६ = २३००, अधिक ४, म्हणजे २३०४. ६५ चा वर्ग: ७० × ६० = ४२००, अधिक २५, म्हणजे ४२२५. ३३ चा वर्ग: ३६ × ३० = १०८०, अधिक ९, म्हणजे १०८९. हा शेवटचा आकडा शेतकऱ्याच्या घरात ओळखीचा असतो; ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फुटांचा एकर. सोयीचा आकडा असा निवडा की एक संख्या दहाच्या पटीत यावी. त्यातच या रीतीचा सगळा फायदा आहे.

वर्गमुळासाठी दोन खुणा. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ कधीच नसतो. वर्गसमीकरणात विवेचकाची, म्हणजे ब² − ४अक ची, किंमत ५७ किंवा २४८ आली तर मुळे करणी रूपात येणार हे तिथेच ओळखा आणि वर्गमूळ शोधत बसू नका. दुसरी खूण आटोक्यात आणण्याची: १७६४ चे वर्गमूळ ४० आणि ४५ च्या मध्ये असणार, कारण त्यांचे वर्ग १६०० आणि २०२५. शेवटचा अंक ४, म्हणजे मुळाचा शेवटचा अंक २ किंवा ८. उत्तर ४२. भूमितीसाठी पायथागोरसची त्रिकुटे पाठ असू द्या: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५, २०-२१-२९, ९-४०-४१, १२-३५-३७, ११-६०-६१, आणि त्यांच्या पटी. १५, ३६ दिसले की ३९ सुचले पाहिजे, कारण ती ५-१२-१३ ची तिप्पट आहे.

चिन्हे: इथे सर्वांत जास्त गुण जातात

या भागावर वेळ घालवा. चिन्हांची चूक ही निष्काळजीपणाची मानून पालक मुलाला रागावतात. प्रत्यक्षात ती कंस न लिहिल्याची चूक असते.

२क्ष² − ५क्ष − ७ = ० हे समीकरण घ्या. अ = २, ब = −५, क = −७. विवेचक ब² − ४अक. किमती भरताना मूल लिहिते: −५² − ४ × २ × −७. आता एकाच ओळीत दोन सापळे आहेत. कंस नसल्याने −५² चे −२५ होते. पुढच्या वजाला वजा भेटल्यावर अधिक व्हायला हवे, पण सरळ ५६ वजा केले जातात. ज्याची फक्त दुसरी चूक होते त्याचे उत्तर २५ − ५६ = −३१ येते आणि तो ‘मुळे वास्तव संख्या नाहीत’ असे आत्मविश्वासाने लिहून मोकळा होतो. बरोबर ओळ अशी: (−५)² − ४ × (२) × (−७) = २५ + ५६ = ८१. मग मुळे (५ ± ९)/४, म्हणजे ७/२ आणि −१. इथेही −ब म्हणजे −(−५) = ५ हे वेगळ्या ओळीत लिहा.

नियम एकच ठेवा: सूत्रात किंमत भरताना प्रत्येक किंमत कंसात, धन असली तरी. आठवडाभर कंटाळा येईल, पण एकदा हात वळला की चिन्हांच्या चुका झपाट्याने कमी होतात. हाच नियम क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक काढताना वापरा. पहिल्या ओळीत ३ व −२, दुसऱ्या ओळीत ५ व ४ असेल तर (३)(४) − (−२)(५) = १२ + १० = २२; कंस नसला की हमखास २ येतात. निर्देशक भूमितीतही तेच. (−३, ४) आणि (५, −२) या बिंदूंमधले अंतर काढताना ५ − (−३) = ८ आणि −२ − ४ = −६, वर्गांची बेरीज ६४ + ३६ = १००, अंतर १०. मुले ५ − ३ = २ करतात आणि २² + ६² = ४० वर अडतात. अंकगणिती श्रेढीत सामान्य फरक ऋण असला की पुन्हा तोच प्रकार: पहिले पद ६०, फरक −४, बारा पदे, बेरीज ६ × [१२० + ११ × (−४)] = ६ × ७६ = ४५६.

रोजच्या सरावासाठी दहा छोटी उदाहरणे पुरतात: −७ − ५, −७ − (−५), (−३)², −३², −६ × −४ − २०, अशी. ती मोठ्याने वाचा. संख्येच्या आधीच्या चिन्हाला ‘ऋण’ म्हणा आणि क्रियेला ‘वजा’: ऋण सात वजा ऋण पाच. तोंडात दोन वेगळे शब्द आले की कागदावर दोन वेगळी चिन्हे येतात.

पावकी-निमकी अजूनही कामाची आहे

घरातल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण अशा पटींचे पाढे, पाठ असतात. त्यांच्याकडून शिकून घ्या. ही केवळ जुनी आठवण म्हणून सांगत नाही. औटकी म्हणजे साडेतीनपट, आणि महत्त्वमापनाच्या उदाहरणांत ३.५ ही त्रिज्या वारंवार येते. कापसाचा भाव क्विंटलला ७,२०० रुपये असेल तर ३५ किलोचे किती? क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून किलोला ७२. बहात्तरची औटकी २५२, म्हणून ३५ किलोचे २,५२० रुपये. २५ ने गुणायचे असेल तर पावकी काढून दोन शून्ये द्या: ३६ ची पावकी ९, म्हणून ३६ × २५ = ९००. ७५ ने गुणायचे तर पाऊणकी: २७, म्हणून २,७००.

केळीच्या लागवडीचा हिशेब हा अंदाज तपासण्याचा उत्तम सराव आहे, आणि रावेर-यावल-चोपड्याकडच्या मुलांना त्याचे उत्तर खरे आहे की नाही हे शेतात कळते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केली तर हेक्टरी किती झाडे? दीड म्हणजे ३/२, एका झाडाला ९/४ चौरस मीटर, हेक्टरला १०,००० चौरस मीटर, म्हणून ४०,०००/९ = ४,४४४. आता पाच फूट बाय पाच फूट धरून एकरी काढा: ४३,५६० ÷ २५. पंचवीसने भागणे म्हणजे चारने गुणून शंभराने भागणे, १,७४२. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणून हेक्टरी सुमारे ४,३०० झाडे. दोन उत्तरांत एकशेचाळीसच्या आसपास फरक कुठून आला? पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. अंतरातला फरक अडीच सेंटिमीटरहूनही कमी, पण तो लांबी आणि रुंदी दोन्हीकडे लागतो आणि हेक्टरभर साचतो. आधीच पूर्णांकात काटछाट केली की शेवटी उत्तर का हलते, ते इथे समजते.

पाय (π), दशांश आणि करणी

पायची किंमत प्रश्नात दिलेली असेल तीच घ्या. २२/७ असेल तर मोजमापांत ७ शोधा, कारण तो कुठेतरी कटणार. ३.१४ असेल तर कच्च्या कामाच्या रकान्यात सुरुवातीलाच हा पाढा लिहून ठेवा: ३.१४, ६.२८, ९.४२, १२.५६, १५.७०, १८.८४, २१.९८, २५.१२, २८.२६. लिहायला अर्धे मिनिट लागते आणि पेपरभर पुरतो. ३.१४ × १४४ म्हणजे ३१४ + १२५.६ + १२.५६ = ४५२.१६. तीन ओळींची बेरीज, एकही नवा गुणाकार नाही.

दशांश अपूर्णांक शक्य तिथे साधा करा, आणि भागाकार-गुणाकार शेवटपर्यंत लांबवा. शेतातली वृत्तचितीच्या आकाराची टाकी, त्रिज्या ३.५ मीटर, उंची २ मीटर. दशांशात गेलात तर आधी १२.२५, मग ३.१४२८... अशी रांग लागते. साध्या अपूर्णांकात २२/७ × ७/२ × ७/२ × २, म्हणजे ७७ घनमीटर, ७७,००० लीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लीटर आणि एक लीटर म्हणजे १,००० घनसेंटिमीटर. या दोन ओळींची गल्लत झाली की उत्तरात तीन शून्ये इकडची तिकडे होतात. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दिली असेल तर सूत्र लिहिण्याआधी एकक बदलून घ्या.

वर्तुळपाकळीत मापाला ३६० ने भागलेला अपूर्णांक आधीच छोटा करा: ३०° ला १/१२, ४५° ला १/८, ६०° ला १/६, ७२° ला १/५, १२०° ला १/३, १५०° ला ५/१२, २४०° ला २/३.

त्रिकोणमितीत उंची ६०/√३ मीटर आली आणि √३ = १.७३ दिले असेल तर ६० ला १.७३ ने भागू नका. छेदाचे परिमेयीकरण करा, २०√३, मग २० × १.७३ = ३४.६. थेट भागाकार केला तर ३४.६८ येते. १.७३ ही किंमत मुळातच छाटलेली आहे, त्यामुळे वाट बदलली की उत्तर थोडे बदलते. परिमेयीकरणाची वाट सोपीही आहे आणि अपेक्षित उत्तराकडे नेणारीही.

शेकडेवारी

जीएसटीची उदाहरणे तोंडी सुटतात, फक्त १० टक्के आणि १ टक्का पटकन काढता आले पाहिजेत. १८ टक्के म्हणजे २० टक्क्यांतून २ टक्के वजा: ४,५०० वर ९०० − ९० = ८१०. सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा निम्मा वाटा, ९ टक्के म्हणजे ४५० − ४५ = ४०५. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. जळगावच्या सराफ्यातले ६२,००० रुपयांचे सोने असेल तर ३ टक्क्यांनी १,८६०, केंद्राचे ९३० आणि राज्याचे ९३०.

गुण जातात ते करासहित किमतीत. वस्तू १८ टक्के करासह ५,९०० ला मिळाली, करपात्र किंमत किती? ५,९०० चे १८ टक्के काढून वजा करणे चूक आहे, कारण १८ टक्के लागले होते मूळ किमतीवर. ११८ ला १०० तर ५,९०० ला ५,०००, कर ९००. वहीत ही त्रैराशिकाची ओळ नेहमी लिहा. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत. पेपरात मात्र प्रश्नात जो दर दिला असेल तोच वापरायचा.

सांख्यिकीत मध्य काढताना धन आणि ऋण गुणाकारांची बेरीज वेगवेगळी करा, मग एकदाच वजाबाकी. वर्ग ०–२० पासून ८०–१०० पर्यंत, वारंवारता ६, ९, १४, १२, ९, गृहीतमध्य ५०, गुणक २०, म्हणून वर्गांना क्रमाने −२, −१, ०, १, २ ने गुणायचे: ऋण बाजू −१२ − ९ = −२१, धन बाजू १२ + १८ = ३०, बेरीज ९. आता ९/५० चा दशांश न काढता आधी २० ने गुणा, १८०/५० = ३.६, मध्य ५३.६. वारंवारता उजवीकडे जास्त झुकलेली असताना मध्य गृहीतमध्याहून कमी आला तर चिन्ह चुकले आहे.

ताळा

गुणाकार तपासण्यासाठी नवाचा ताळा सर्वांना शिकवलेला असतो. ३४६ × २८ = ९,६८८ घ्या. ३४६ ची अंकबेरीज १३, मग ४, २८ ची १०, मग १, गुणाकार ४. ९,६८८ ची ३१, मग ४. जुळले. पण अंकांची अदलाबदल होऊन ९,८६८ लिहिले गेले तरी ताळा जुळतो, कारण अंकबेरीज तीच राहते. ज्याच्या चुका ‘उ’ प्रकारच्या आहेत त्याने अकराचा ताळा शिकावा: एककापासून सुरू करून अंक आळीपाळीने अधिक-वजा करा. ३४६ चे ६ − ४ + ३ = ५, २८ चे ८ − २ = ६, गुणाकार ३०, त्यातून ११ ची पट काढल्यावर ८. ९,६८८ चे ८ − ८ + ६ − ९ = −३, त्यात ११ मिळवून ८. जुळले. ९,८६८ चे मात्र १ येते, आणि चूक लगेच सापडते.

वर्गसमीकरणाला वेगळा ताळा आहे: दोन्ही मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ. वरच्या उदाहरणात ७/२ आणि −१ यांची बेरीज ५/२, गुणाकार −७/२. दोन्ही जुळतात. वीस सेकंदांचे काम आहे.

रोजची पंचवीस मिनिटे

पाच मिनिटे उलटे पाढे आणि जोड्या. हे एसटीत बसल्या बसल्या मित्राबरोबरही होते, एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने अवयव. पाच मिनिटे वर्ग आणि शेकडेवारी, तोंडी. दहा मिनिटे लेखी: तुमच्या दोन अक्षरांमधल्या चुकांची दहा उदाहरणे, घड्याळ लावून. शेवटची पाच मिनिटे ताळ्याची. घड्याळाचा ताण पहिल्या आठवड्यात नको. आधी दहापैकी दहा बरोबर येऊ द्या, मग वेळ कमी करा. उलट क्रमाने गेलात तर चुकीचा हात जलद होतो आणि तो सुधारायला दुप्पट दिवस लागतात. दर रविवारी एक जुना पेपर दोन तास लावून सोडवा आणि अक्षरांची मोजणी पुन्हा करा.

कच्चे काम सुट्या कागदावर नको. त्याच पानावर, शाळेत सांगितलेल्या जागी, आखलेल्या रकान्यात करा, म्हणजे ताळा घेताना आकडा कुठून आला ते शोधता येते. परीक्षेत शेवटची दहा मिनिटे तपासणीला राखून ठेवा आणि क्रम ठरलेला असू द्या: आधी पहिल्या प्रश्नातील बहुपर्यायी उत्तरे, कारण तिथे मधल्या पायऱ्यांना गुण नसतात, मग वर्गसमीकरणाची मुळे, मग एकके, आणि वेळ उरला तरच लांब गुणाकार.